हूक कुणाचा?

ठाण्यात नौपाड्यातल्या कितीतरी घरांचं भिवंडीशी नातं आहे, पण ते सहसा बोलण्यात येत नाही. गोखले रोडवरच्या दुकानांतला माल तिथल्या गोदामांतून येतो. राम मारुती रोडच्या आसपासच्या सोसायट्यांत वॉचमनच्या टेबलावर साठणारी पार्सलं तिथूनच निघतात. निवृत्तीच्या पैशातून माणकोली, दापोडे, काल्हेर, वळ, पूर्णा या गावांच्या हद्दीत एखादा गाळा घेऊन त्याच्या भाड्यावर घर चालवणारी मंडळीही आपल्यात आहेत. मुंबईला जकात होती तोवर हद्दीच्या बाहेर माल उतरवून ठेवणं व्यापाऱ्याला परवडायचं, म्हणून ही गोदामं वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामं मात्र आणखी उंच, आणखी मोठी झाली, आणि उंच गोदामात माल चढवायला यंत्र लागतं.

२०२३ हे साल ठाणे जिल्ह्याने विसरू नये. २९ एप्रिलला भिवंडीजवळ वळ गावात गोदाम असलेली इमारत कोसळून आठ जण गेले. ३१ जुलैच्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात सरळांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारं अजस्र यंत्र खाली आलं आणि वीस माणसं मेली. १० सप्टेंबरच्या रविवारी आपल्या बाळकुमला, चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचं वॉटरप्रूफिंगचं काम आटोपून खाली येणारे कामगार लिफ्टसकट तळघरात आदळले. सात जण गेले. दोरी तुटली असं पहिल्या चौकशीत सांगण्यात आलं. एवढी माणसं एकदम गेली की मंत्री येतात, मदत जाहीर होते. गोदामातला अपघात एकेकट्याचा असतो. कुणाची दोन बोटं जातात, कुणाचं पाऊल चेंगरतं, कुणी फोर्कलिफ्ट आणि रॅक यांच्यामध्ये सापडतो. त्याची बातमी चार ओळींची, तीही आली तर.

पुढचा संवाद मामा-भाच्याचा आहे. मामा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. भाचा भिवंडीत गोदाम चालवतो, मजूरही पुरवतो. ही दोघं कुठल्या एका घरातली नाहीत. या भागात दोन्ही बाजूंनी जे कायम ऐकू येतं, ते मी त्यांच्या तोंडी घातलं आहे. माझा कल मामांकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाच्याचं एक म्हणणं मात्र मलाही खोडता आलेलं नाही.

*

भाचा : मामा, तुम्ही नेहमी यंत्रापासून सुरुवात करता. यंत्राच्या आधी काय होतं ते सांगा ना. मशीद बंदरला शंभर किलोचं पोतं माणसाच्या पाठीवरून जायचं. लाकडी फळीवरून, ओल्या जिन्यावरून. पन्नाशीच्या आत माणूस वाकायचा. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र केलं, १९६९ ला माथाडी कायदा झाला, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत पोतं पन्नास किलोचं करा म्हणून वर्षानुवर्षं भांडली. त्यांना जे हवं होतं ते फोर्कलिफ्टने केलं की नाही? माझ्या गोदामात आज एकही माणूस पाठीवर पोतं घेत नाही. एवढं तरी माझ्या बाजूला मांडा.

मामा : मांडलं. मनापासून मांडलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ ला प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे त्याच्या जवळजवळ दुप्पट ओझं लोक नेत होते. ते थांबलं हे चांगलंच झालं. पण ते ओझं गेलं कुठे? पाठीवरून निघून डोक्यावर टांगलं गेलं. पाठ झिजायला वीस वर्षं लागायची आणि झिजतेय हे माणसाला कळायचं. वरून पॅलेट घसरताना कळायलाही वेळ मिळत नाही.

भाचा : घसरतं ते मजुरांच्याच चुकीने. सेफ्टी शूज दिले तर गावाला घेऊन जातात आणि कामावर चपलेत येतात. फोर्कलिफ्टच्या काट्यावर उभं राहायचं नाही अशी पाटी लावली, हिंदीतही लावली. मी केबिनमध्ये गेलो की हा गडी पॅलेटवर चढतो, ऑपरेटर त्याला वर उचलतो आणि तो वरच्या रॅकमधला खोका काढतो. पडला तर दोष कुणाचा?

मामा : तो खोका काढायची बरोबर पद्धत कोणती?

भाचा : अख्खं पॅलेट खाली घ्यायचं, खोका काढायचा, पॅलेट परत वर ठेवायचं.

मामा : किती वेळ जातो?

भाचा : पाच-सात मिनिटं.

मामा : आणि माणसाला वर उचलून काढला तर?

भाचा : एक मिनिट.

मामा : पैसे कसे देतोस त्यांना? दिवसावर की नगावर?

भाचा : ...नगावर. पण मामा, तो दर मी ठरवत नाही. कंपनी मला खोक्यामागे देते, मी मुकादमाला खोक्यामागे देतो.

मामा : मग पाटीवर एक लिहिलंय आणि दरात दुसरंच लिहिलंय. त्या मुलाने दर वाचला. तू त्याच्या जागी असतास तर काय वाचलं असतंस?

*

इथे क्षणभर थांबतो. निष्काळजी कामगार ही कथा इतकी सोयीची आहे की अपघातानंतर ती जवळजवळ आपोआप लिहिली जाते. कामगार चुकतो हे खरंच आहे, सगळीच माणसं चुकतात. ती चूक घडण्याआधी कुणी काय ठरवून ठेवलं होतं, हा प्रश्न विचारला तरच पुढची चूक टळण्याची शक्यता असते. मामा बोलत राहतात ते यासाठी.

*

मामा : तुझ्या फोर्कलिफ्टवर ऑपरेटरच्या समोर एक पत्र्याची पाटी असते. वाचलीस कधी?

भाचा : तीन टन लिहिलंय.

मामा : त्याच्यापुढे काय लिहिलंय? तीन टन, पण भाराचं केंद्र काट्याच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असेल तर. लांबट माल घेतलास, रोल घेतलास, पॅलेट काट्याच्या टोकावरच उचललंस, की तेच यंत्र तीन टन घेऊ शकत नाही. वर जेवढं चढवशील तेवढं आणखी कमी. फोर्कलिफ्ट म्हणजे सीसॉ आहे. पुढे भार, मागे लोखंडाचं वजन आणि मधे पुढची चाकं. आता खरं सांग, मागचं वजन कमी पडलं की तुझी माणसं काय करतात?

भाचा : दोघं मागे उभे राहतात.

मामा : म्हणजे माणसं वजन म्हणून वापरलीस. आणि यंत्र पुढे कललं किंवा वळताना आडवं झालं, तर सगळ्यात आधी तीच दोघं जाणार. ऑपरेटरचं तर वेगळंच. यंत्र कलंडतंय म्हटल्यावर माणूस उडी मारतो, आणि डोक्यावरची लोखंडी चौकट नेमकी त्याच्यावर येते. पट्टा बांधून सीटवर बसून राहिला, स्टिअरिंग घट्ट धरून कलण्याच्या उलट बाजूला झुकला, तर वाचायची शक्यता जास्त. हे त्याच्या मनाला पटणारं नाही, म्हणून शिकवावं लागतं, पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. अमेरिकेत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची दर तीन वर्षांनी नव्याने परीक्षा घ्यावी लागते, तसा नियमच आहे. तुझा ऑपरेटर कुठे शिकला?

भाचा : आधी हेल्पर होता. बघून बघून शिकला.

मामा : आपल्याकडे बहुतेक असेच शिकतात. हुशार असतात म्हणून इतकी वर्षं निभावतं.

भाचा : बरं, फोर्कलिफ्टचं समजलं. पण माझ्याकडे मोठी भीती फोर्कलिफ्टची नाही, हायड्रा क्रेनची आहे. मशिनरीचा कंटेनर आला की हायड्रा मागवावी लागते. ती तासावर येते, तिचा ड्रायव्हर तिच्याबरोबर येतो. मी त्याला ओळखतही नाही.

मामा : ही भीती योग्य आहे. हायड्रा भार पुढे लटकवूनच चालते. भार झुलू नये म्हणून एक हेल्पर त्याला हात लावून पुढे चालतो, म्हणजे तो भाराच्या आणि चाकांच्या मधे असतो. पुढे बूम आणि भार आडवा, ड्रायव्हरला तो दिसत नाही. कितीतरी मोठ्या प्रकल्पांवर आता हायड्राला बंदी आहे नाहीतर कडक अटी आहेत. निदान भाराला लांब दोरी बांधा, माणूस बाजूने आणि दूर चालू दे. दोरीला काय खर्च येतो? आणि बेल्ट बघितलेस का कधी त्यांचे?

भाचा : बेल्टचं काय?

मामा : हात फिरव. पिवळा-हिरवा पट्टा असतो ना, त्याच्या कडा चिरलेल्या असतात, शिवण उसवलेली असते. लांबी कमी करायची म्हणून मधे गाठ मारतात. गाठ मारलेला बेल्ट त्याच्यावर छापलेलं वजन उचलू शकत नाही. त्यावरची चिठ्ठी तर कधीच गळून गेलेली असते, मग तो किती टनाचा हे ठरवायचं कशावरून? हुकाच्या तोंडावर एक छोटी स्प्रिंगची जीभ असते, बेल्ट सटकू नये म्हणून. ती तुटलेली असते किंवा अडचण होते म्हणून काढून टाकलेली असते. आणि सगळ्यात फसवी गोष्ट कोन. दोन टनाचा भार दोन बेल्टांनी उभा उचललास तर प्रत्येकावर एक टन. तेच बेल्ट पसरत पसरत जमिनीशी तीस अंशांवर आले, की प्रत्येकावर पूर्ण दोन टन. बेल्ट तोच, भार तोच, ताण दुप्पट. हे शाळेतलं त्रिकोणमितीचं गणित आहे, पण भार लटकवणाऱ्या मुलाला ते कुणी सांगितलेलंच नसतं. तो फक्त बघतो की बेल्ट पोचतोय.

भाचा : मामा, इतकं सगळं बघत बसलो तर माल कधी उतरणार?

मामा : हूक बघायला अर्धं मिनिट, बेल्ट बघायला दोन मिनिटं. तुझ्या गोदामात कंटेनर दारात तासन् तास उभे असतात, ते मी पाहिलंय.

*

सामानाच्या लिफ्टबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण नौपाड्यातल्या गाळेमालकांचा संबंध तिच्याशी थेट येतो. दोन-तीन मजली गाळ्यांत लोखंडी अँगलचा पिंजरा, वर मोटर, ड्रम आणि तारेची दोरी अशी साधी लिफ्ट बसवलेली असते. प्रत्येक मजल्यावर सरकतं गेट. पिंजरा त्या मजल्यावर आल्याशिवाय गेट उघडू नये आणि गेट पूर्ण लागल्याशिवाय पिंजरा हलू नये, यासाठी कुलूप असतं. ते बिघडतं, कारण दिवसभर हातगाड्या गेटवर आदळतात. बिघडलं की लिफ्ट बंद पडते आणि काम खोळंबतं. मग कुणीतरी दोन तारा एकमेकींना जोडून टाकतो. लिफ्ट पुन्हा सुरू होते, पण आता गेट उघडं असतानाही ती चालते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात माणूस खोके भरलेली हातगाडी ओढत उलटा चालत येतो. पिंजरा पाठीशी आहे असं त्याला वाटतं. पिंजरा वरच्या मजल्यावर गेलेला असतो.

*

भाचा : लिफ्ट मी बसवलेली नाही. गाळेमालकाची आहे. गाळेमालक म्हणतो, दुरुस्ती भाडेकरूने करायची.

मामा : आणि तो गाळेमालक कदाचित घंटाळीला राहतो, सकाळी मासुंदा तलावाला फेऱ्या मारतो. चांगला माणूस असेल. त्याला माहीतही नसेल.

भाचा : कायदा काय म्हणतो ते सांगा. तुमच्या कारखान्यातलं मला नका लावू. माझं गोदाम कारखाना नाही.

मामा : इथेच खरी मेख होती. नव्या कायद्याआधी होता १९४८ चा कारखाने अधिनियम. कलम २८ : लिफ्ट आणि हॉइस्ट दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासून घ्यायची, नोंदवहीत लिहायचं, किती वजन चालेल ते तिच्यावर ठळक लिहायचं, गेटला कुलूप हवं. माणसं नेणारी असेल तर पिंजऱ्याला निदान दोन दोर हवेत, आणि प्रत्येक दोराने एकट्याने सगळा भार पेलला पाहिजे. कलम २९ : क्रेन, साखळ्या, दोर, हूक वर्षातून एकदा. इंग्लंडच्या १९९८ च्या नियमांतही सहा आणि बारा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे कागदावर आपण मागे नव्हतो. पण हे सगळं कारखान्याला होतं. माल नुसता साठवला तर तो कारखाना होतो का? शीतगृहाचं त्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, तो कारखाना. साध्या गोदामाचं नाव नव्हतं. पॅकिंग करत असाल तर वाद घालता यायचा, तो कोर्टात वर्षानुवर्षं चालायचा.

भाचा : म्हणजे आइसक्रीम ठेवलं तर लिफ्ट तपासायची आणि साबण ठेवला तर नाही?

मामा : जवळजवळ तसंच होतं. दोर मात्र साबणाचा भार आणि आइसक्रीमचा भार वेगळा मानत नाही.

भाचा : आता तर नवा कायदा आलाय ना?

मामा : २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू केली. त्यात आस्थापना म्हटलंय, दहा किंवा जास्त माणसं असलेला उद्योग, व्यापार, धंदा. तुझं गोदाम त्यात येतं. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. नेमणूकपत्र द्यायचं. धोका दिसला तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवायचा कामगाराला हक्क. कर्तव्यात कसूर होऊन माणूस मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा निदान पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि दंडातला निदान अर्धा भाग त्याच्या घरच्यांना द्यायला न्यायालय सांगू शकतं. त्याच कायद्याने कारखान्याची व्याख्या मात्र वर सरकवली. यंत्रावर चालणारा असेल तर दहाऐवजी वीस माणसं. छोटे कारखाने त्यातून निसटले. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढलं असं मला वाटतं. पण गोदामवाल्याला आता मी कारखाना नाही असं म्हणून सुटता येणार नाही.

भाचा : सुटायचंच नाहीये मला. मला एवढंच कळत नाही की जबाबदारी माझी किती. बघा. गाळा एकाचा. लिफ्ट त्याची. माल कंपनीचा. फोर्कलिफ्ट भाड्याची, तिचा ऑपरेटर भाडेवाल्याचा. हायड्रा तासावर, बेल्ट हायड्रावाल्याचे. मजूर मुकादमाने आणलेले, कुणी जव्हार-मोखाड्याचे, कुणी उत्तर प्रदेशातले, त्यातले अर्धे दर पंधरा दिवसांनी बदलतात. मी मधे उभा. यातला हूक कुणाचा?

मामा : हाच प्रश्न मी विचारायला आलो होतो. कारखान्यात हूक कारखान्याचा असायचा. माझ्या टेबलावर रजिस्टर असायचं, प्रत्येक साखळीला नंबर ठोकलेला, तपासणीची तारीख लिहिलेली. काही झालं तर पहिल्यांदा माझी मान पकडली जायची आणि ते बरोबर होतं. तुझ्याकडे पाच मालक आहेत म्हणून हूक बिनमालकाचा आहे. माथाडी कायद्याने एक मोठं काम केलं होतं. व्यापारी बदलत राहिले तरी हमालाची नोंद मंडळाकडे राहायची. यंत्र आल्यावर ती नोंद सुटली. फोर्कलिफ्टवर बसणारा माथाडी की नाही, यावरच भांडणं चालू आहेत आणि तोवर तो कुणाचाच नाही.

*

आता भाच्याचं ते म्हणणं, ज्याला माझ्याकडे उत्तर नाही.

*

भाचा : समजा मी सगळं केलं. तपासणी केली, ऑपरेटर शिकवला, बूट दिले, नग सोडून दिवसावर पगार दिला. माझा दर वाढला. पुढच्या वर्षी कंपनी निविदा काढेल. शेजारच्या कंपाउंडवाला यातलं काहीच करत नाही, त्याचा दर कमी. काम त्याला जाणार. माझी माणसंही त्याच्याचकडे जाणार, तारजोड केलेल्या लिफ्टवर काम करायला. मग मी चांगला राहून कुणाचं भलं केलं? तुम्ही सगळा उपदेश मला करता, कारण मी तुमचा भाचा आहे आणि ऐकून घेतो. कंपनीच्या ऑफिसात जाऊन कुणी बोलत नाही. ज्यांना उद्या सकाळी दहाच्या आत पार्सल पाहिजे त्यांना तर नाहीच नाही.

मामा : खरं आहे. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढं सांगतो की निविदा काढतानाच कंपनीने तपासणीचा अहवाल मागितला, तर शेजारचाही तपासेल. कंपन्या मालाच्या विम्याचा कागद मागतातच ना? आगीचा दाखला मागतातच ना? मग हुकाचा मागायला काय अडचण? तू एकट्याने मागितलास तर नाही होणार. तुम्ही गोदामवाले एकत्र आलात तर होईल. भाड्यासाठी, रस्त्याच्या खड्ड्यांसाठी एकत्र येता की.

भाचा : मागून बघतो. पण मामा, अपघात झाला तर आम्ही माणसाला सोडत नाही हो. दवाखान्याचा खर्च करतो. घरी पन्नास हजार पाठवतो. कुणाची तक्रार नाही आजवर.

मामा : दवाखान्यात काय सांगायला लावता? घरी लागलं म्हणून?

भाचा : ...कधी कधी. नाहीतर पोलीस केस होते, ऑपरेटरच अडकतो बिचारा.

मामा : आता हिशेब ऐक. तीस वर्षांचा मुलगा, अंगठा गेला. नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या यादीत अंगठा म्हणजे तीस टक्के कमावण्याची ताकद गेली. महिन्याचं वेतन हिशेबाला जास्तीत जास्त पंधरा हजार धरतात. त्याचे साठ टक्के नऊ हजार. तीस वयाचा गुणांक २०७.९८. गुणाकार अठरा लाख एकाहत्तर हजार आठशे वीस, त्याचे तीस टक्के म्हणजे पाच लाख एकसष्ट हजारांच्या वर. आणि मजूर मुकादमाचा असला तरी मुख्य मालकाला ते द्यावं लागतं, मग त्याने मुकादमाकडून वसूल करावं. तू पन्नास हजार देऊन त्याच्यावर उपकार करत नाहीयेस. त्याचे पाच लाख तू ठेवून घेतोयस.

भाचा : पाच लाख मी एका वेळी कुठून आणू?

मामा : आणायची गरजच नाही. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लाव. एकवीस हजारांपर्यंत वेतन असणाऱ्याला ते आहे. तुझा हिस्सा सव्वातीन टक्के, त्याचा पाऊण टक्का. कामावरच्या इजेसाठी आधी इतके महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही. पहिल्या दिवशी लागलं तरी मिळतं. उपचार होतात, घरी बसला त्या दिवसांचे वेतनाच्या नव्वद टक्के पैसे मिळतात, कायमचं अपंगत्व आलं तर आयुष्यभर ठरावीक रक्कम. कामगार रुग्णालय वागळे इस्टेटमध्ये आहे, तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पण त्यासाठी तो मुलगा कागदावर असावा लागतो. मुकादमाच्या वहीतला बबलू चालत नाही, त्याचं पूर्ण नाव लागतं.

भाचा : म्हणजे सगळं येऊन नावापाशीच थांबलं.

मामा : हुकाला नंबर आणि माणसाला नाव. एवढं झालं की निम्मं काम झालं.

भाचा : पहिल्यांदा काय करू ते सांगा. एकच सांगा. दहा गोष्टी सांगितल्यात तर एकही होणार नाही.

मामा : लिफ्टच्या गेटची जोडलेली तार काढ. कुलूप दुरुस्त होईपर्यंत लिफ्ट बंद ठेव.

भाचा : चार दिवस माल खालीच राहील.

मामा : राहू दे.

*

भाच्याने तार काढली की नाही, हे मी लिहून चालणार नाही. तो माझ्या लेखातला आहे आणि लेखात तार काढणं सोपं असतं.

नौपाड्यात बसून भिवंडीचं भाडं घेणाऱ्या वाचकांना मात्र माझी एक विनंती आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात अनामत, भाडेवाढ, वीजबिल यांची कलमं आपण बारकाईने वाचतो. त्यात आणखी एक घाला. सामानाच्या लिफ्टची दर सहा महिन्यांची तपासणी कुणी करून घ्यायची, अहवालाची प्रत कुणाकडे राहील आणि अहवाल नसेल तर लिफ्टचा मेन स्विच कोण बंद करेल, हे नावानिशी लिहा. करार संपायला वर्ष असेल तर तेवढं थांबू नका. गाळ्यावर जा, भाडे मागायला जाता तसेच जा. प्रत्येक मजल्यावर गेट उघडं ठेवून लिफ्टचं बटण दाबायला सांगा, आणि स्वतः गेटपासून लांब उभे राहा. पिंजरा हलला, तर भाडेकरूशी वाद घालत बसू नका. त्याच वेळी स्विच खाली करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तिथेच थांबा.